सलगमाची शर्यत

आमच्या संघाचं नाव टर्निप्स. म्हणजे सलगम.
हसा. आम्हीही हसलो होतो
चर्चच्या तळघरात, हात वर करून नाव ठरवलं तेव्हा.
'गडगडाट' एका मताने पडला.
सलगम इथे कुणी पिकवत नाही.
मका आहे, सोयाबीन आहे,
आणि बंद पडलेला चेनचा कारखाना.

तिकीट नऊ डॉलर. मंगळवारी कुत्र्यांना फुकट,
म्हणून तिसऱ्या बेसमागे सतरा कुत्री.
चेंडू उंच गेला की सतरा माना
एकदम वर.

माईकवर हॅवर्टी सर, एरवी शाळेत जीवशास्त्र शिकवतात.
फाउल चेंडू पार्किंगमध्ये पडतो, खळ्ळकन आवाज येतो,
आणि सर शांतपणे सांगतात,
"ही काच सादर करत आहेत लुंडग्रेन विंडशील्डवाले."
टाळ्या.
एकदा ती काच लुंडग्रेनच्याच ट्रकची होती.
तेव्हा आम्ही उभं राहून वाजवल्या.

पिचर एकोणीस वर्षांचा, योर्डानी.
मिसेस ओडेगार्डच्या माडीवर राहतो.
ती त्याच्यासाठी भात शिजवायला शिकली,
तो तिच्या पन्हळी साफ करतो.
चेंडू असा फेकतो की
कुठे जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.
ती दर चेंडूला डोळे घट्ट मिटते
आणि जे पाहिलंच नाही
ते पेन्सिलीने वहीत अचूक लिहिते.

पाचव्या डावानंतर शर्यत:
एक मूल आणि एक सहा फुटी सलगम,
सगळ्या बेसना वळसा घालून होमपर्यंत.
सलगमाच्या आत वॉल्डो प्रुइट,
एकतीस वर्षं पोस्टमन होता, दोन्ही गुडघे नवे.
तीन मोसम झाले, एकदाही जिंकलेला नाही.
हरायचेच पैसे मिळतात त्याला,
सामन्यामागे पंचवीस डॉलर आणि एक हॉट डॉग.

त्या मंगळवारी पाच वर्षांची टिली होती.
दुसऱ्या बेसपर्यंत सुसाट आली
आणि मटकन खाली बसली.
नाकतोडा.

सलगम मागून आला, पुढे गेला,
कंदाला ब्रेक नसतात.
होम दहा पावलांवर,
आणि टिली अजून नाकतोड्याशी बोलतेय.
वॉल्डो पडला. उठला. पुन्हा पडला.
बुटाची नाडी बांधत बसला, त्या बुटाला नाडीच नाही.
अंपायरशी हुज्जत घातली, कशावरून ते कळलं नाही,
पण अंपायरनेही मन लावून घातली.
एक बीगल सुटून आला
आणि त्याच्या डोक्यावरची पानं ओढू लागला.
शेवटी पाहुण्या संघाचा कॅचर,
ज्याला आमच्या हारजितीचं सोयरसुतक नाही,
होमवर आडवा झाला. म्हणाला, इथून वाट नाही.

मग टिली उठली, ओंजळ मिटून.
पळाली नाही. चालत आली,
तो दचकू नये म्हणून.
आठशे माणसं गप्प. पॉपकॉर्नसुद्धा कुणी चावेना.
कॅचर बाजूला सरकला,
तिने होमवर ओंजळ उघडली
आणि म्हणाली, "हा जिंकला."

हॅवर्टी सरांना इतका आनंद कधी झाला नव्हता.
शिंगं आखूड की लांब, ते त्यांनी माईकवरून विचारलं,
ती म्हणाली, "मध्यम."
ऑइल चेंजचं बक्षीस नाकतोड्याच्या नावे जाहीर झालं,
पण तो तोवर पाहुण्यांच्या बाकाकडे निघून गेला होता.
सलगम पाठीवर पडून हलत होता.
आतून हसण्याचा आवाज येत होता,
किंवा गुडघ्यांचा.

आम्ही चौदा-तीन हरलो, असं वहीत आहे.
वहीत पाचव्या आणि सहाव्या डावाच्या मधल्या रेघेवर
एक नाकतोडाही आहे, पाय मोजून सहा.
तेवढ्या वेळ तिचे डोळे उघडे होते.

बाहेर आले, गाडीपाशी गेले.
माझी काच शाबूत.
जरा वाईटच वाटलं.